बेसिनखालची लाइन क्लिअर

आमच्या घरमालक काकांची नक्कल करायची असेल तर आवाजाच्या मागे लागायचं नाही. आवाज सोपा आहे, थोडा नाकातून काढला की झालं. अवघड आहे ते त्यांचं ऐकणं. समोरचा जे बोलेल ते आधी जसंच्या तसं त्याला परत द्यायचं, मग जरा थांबायचं, आणि मग नंबर मागायचा.

"काका, पाणी सोडता का?"

"पानी सोडता का. हां. कोन बोलतंय?"

"मीच. खालची."

"खालची. नंबर?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस. सोडतो."

हे रोज सकाळी, जिन्यात, तोंडात ब्रश असताना. काका रेल्वेत गेटमन होते. फाटकावर गाडी यायची असली की स्टेशनातून मास्तरचा फोन येतो, गेटमन ते वाक्य परत म्हणतो, फाटक बंद करतो, आणि दोघं एकमेकांना एक नंबर देतात. म्हणजे उद्या काही झालं तर 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणायला कोणी मोकळा राहत नाही. काका रिटायर होऊन जमाना झाला होता, पण नंबर घेतल्याशिवाय त्यांनी टाकीचा कॉकसुद्धा फिरवला नाही. माझ्या नवऱ्याने एकदा शहाणपणा करून 'शून्य शून्य' सांगितलं. काका म्हणाले, "टिंगल नाय करायची," आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी नवरा तसाच, पारोसा, खोपोलीला कंपनीत गेला.

काकू म्हणायच्या, "तुमाला पान्याचं पडलंय. माज्या घरात मला मीठ मागायचं तरी नंबर द्यावा लागतो."

घर पळसदरीला, रस्त्यापासून जरा आत. वर काका-काकू, खाली आम्ही: मी, नवरा, सासूबाई आणि आमची सई. आता आम्ही शेलूला राहतो. इथल्या किचनमध्ये ट्रॉल्या आहेत, बोटाने ढकललं की आपोआप मिटतात, आवाजसुद्धा करत नाहीत. सई शाळेत जाते. पण एवढं सगळं सुरळीत झालं ते त्या पळसदरीच्या घरात, आणि ते कसं झालं हे सांगायचं म्हणजे काकांबद्दल सांगावं लागतं. काकांबद्दल मी नीट, न हसता सांगायला बसले तर मला येतच नाही. तेव्हा जसं येईल तसं.

नकला मी लहानपणापासून करते. खालापूरला शाळेत असताना गॅदरिंगला मुख्याध्यापकांची नक्कल मुख्याध्यापकांच्याच समोर केली होती, आणि बक्षीसही त्यांनीच दिलं, माझ्याकडे न बघता. त्यामुळे काका म्हणजे माझ्यासाठी लॉटरीच. काकू पदर तोंडात कोंबून हसायच्या. एकदा मी जिन्यात काकूंना तेच करून दाखवत होते आणि मागून काका आले. मला वाटलं, आता खोली खाली करावी लागणार. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "'हां' आधी नाय म्हनायचं. आधी वाक्य परत बोलायचं, मग 'हां'. चुकीचं शिकवू नको कोनाला."

म्हणजे त्यांना मी टिंगल करतेय असं वाटलंच नाही. त्यांना वाटलं, मी शिकतेय आणि कच्ची आहे.

काकांच्या नोकरीतली एक गोष्ट पळसदरीपासून कर्जतपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. त्यांचं फाटक दोन गावांच्या मध्ये होतं. एकदा अलीकडून वरात आली, पलीकडच्या गावात मांडव. काकांनी मास्तरला नंबर दिलेला, फाटक बंद. आणि गाडीचं इंजिन मध्येच कुठेतरी बिघडलं. गाडी येईना, फाटक उघडेना, मुहूर्त जवळ आला. पायी जायचं तर दांड्याखालून वाकून कोणीही गेलं असतं, शेळ्यासुद्धा जातात. पण नवरदेवाचा मामा आडवा आला. म्हणाला, आमचा नवरदेव पोरीकडच्या हद्दीत वाकून शिरनार नाय. लोकांनी काकांना विनवलं, शिव्या दिल्या, कोणी पायासुद्धा पडलं. काका म्हणाले, गाडी गेल्याबगर दांडा वर होनार नाय. मामा म्हणाला, दांडा वर झाल्याबगर नवरदेव जानार नाय. शेवटी नवरीलाच मांडवातून पलीकडच्या दांड्यापर्यंत आणली. भटजी वाकून इकडे आले, वाकून तिकडे गेले, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना उभं राहून मंगलाष्टका झाल्या. अक्षता खडीत पडल्या. माळा घालायच्या वेळेला गाडी आली. ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे, त्याने लांबच लांब हॉर्न दिला, आणि दोन्ही पार्ट्यांनी त्याला हात केला.

मी काकांना विचारलं होतं, "काका, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट नाही वाटलं. हां. वाईट कशाला? मामा त्याच्या नियमात होता, मी माज्या. लग्न टिकलंय अजून. पोरं कामाला लागली त्यांची."

तर असा माणूस घरमालक. आणि घरमालक म्हणून त्यांचा एकच नियम: घराला भोक पाडायचं नाही. खिळा नाही, स्क्रू नाही. आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असायचं आणि वारा सुटला की एप्रिलमधून ऑगस्टमध्ये जायचं. देवांचा फोटो फ्रीजवर. घड्याळ टीव्हीच्या डोक्यावर आडवं. पाहुणे यायचे तर मान वाकडी करून वेळ बघायचे.

त्यात सई रांगायला लागली.

ओट्याखाली लाकडी कपाटं होती, वर ड्रॉवर. बेसिनखालच्या कपाटात फिनेल, बाथरूमचं ॲसिड, उंदराचं औषध आणि विळी. सासूबाईंनी त्याला सोपं कुलूप केलं होतं. आमच्याकडे भाकरी तांदळाची, हातावर थापलेली, म्हणजे लाटणं बिनकामाचंच. ते त्यांनी कपाटाच्या दोन मुठींमधून आडवं घालून ठेवलेलं. होळीपर्यंत झकास चाललं. होळीला पुरणपोळ्या करायच्या म्हणून त्यांनी लाटणं उपसलं आणि पोळी लाटायला बसल्या.

मी पुरण वाटत होते. सई गप्प होती. रांगतं पोर गप्प आहे याचा आपल्याला आधी आनंद होतो आणि मग घाम फुटतो. वळून बघितलं तर ती ॲसिडची बाटली दोन पायांत धरून बसलेली आणि झाकण चघळत होती. अगदी मन लावून, पेरू खाल्ल्यासारखं.

झाकण घट्ट होतं. एवढंच. बाकी त्यात कोणाची हुशारी नव्हती.

मला कर्जतला लॅबमध्ये परत कामावर जायचं होतं. रक्त-लघवी तपासायची लॅब, मी काउंटरवर. बाळंतपणासाठी सोडलं होतं, आणि मॅडमनी निरोप दिला होता की मे महिन्यापासून येणार असशील तर जागा तुझी, नाहीतर मी दुसरी बघते. मला जायचंच होतं. घरी बसून बसून माझ्याकडे नकला करायला माणसंच उरली नव्हती. दुपारभर मी मिक्सरची नक्कल करायचे. पण जायचं तर सईला सासूबाईंवर सोडून जायचं, आणि सासूबाईंचे गुडघे असे की खाली बसल्या की उठायला भिंतीचा आधार लागायचा. ते झाकण बघितल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "मी नाही जात कामावर. सांगून टाकते मॅडमना."

सासूबाईंनी ऐकलं. हातातली पोळी तव्यावर टाकत म्हणाल्या, "म्हंजे माज्यावर भरवसा नाय."

"आई, तसं नाही."

"तसंच हाय. मी पोरं वाढवली, घरात कोयता, शेतात कोयता, कोन नाय मेला."

त्या दिवसापासून सासूबाई सईच्या मागे मागे फिरायला लागल्या, गुडघे धरून. माझी नोकरी जाणार होती आणि त्यांची इज्जत. दोघींना एकच कपाट नडत होतं.

लाटण्यावर आता कोणाचा भरवसा नव्हता, म्हणून नवऱ्याने मोबाइलवरून प्लास्टिकच्या क्लिपा मागवल्या. खिळा नको, भोक नको, मागे चिकटपट्टी असते. फोटोत एक गोरं बाळ कपाटासमोर हरल्यासारखं बसलेलं होतं. आमच्या बाळाने दुसऱ्या दिवशी क्लिप उपटली आणि चावायला घेतली. म्हणजे आता कपाटापेक्षा कुलूपच गिळायची भीती. उरलेल्या क्लिपा सासूबाईंना दाबून उघडता येईनात, म्हणून त्यांनी उलथन्याने उचकटल्या.

मग मी वर गेले.

"काका, बेसिनखालच्या कपाटाला एक कडी लावू का? दोनच स्क्रू."

"बेसिनखालच्या कपाटाला एक कडी लावू का. दोनच स्क्रू." मग थांबले. "कशाला?"

मी झाकणाची गोष्ट सांगितली. त्यांनी तीही सगळी परत म्हटली, पेरूसकट. मग म्हणाले, "कडीनं काय होनार? कडी लावायला मानूस विसरतो. मी बघतो."

आणि ते खरंच बघायला आले. पाट घेतला, किचनच्या कोपऱ्यात बसले आणि सईकडे बघत राहिले. चहा नको, पाणी नको. मी विचारलं, काय बघताय, तर म्हणाले, ट्राफिक. सईला ते गाडी म्हणायचे. ती रांगत मोरीकडे गेली की, "गाडी डाऊनला गेली." परत आली की, "अपला आली." मी तिला मागून ढकलून बाहेर काढायला गेले की, "हां, घाटात बँकर लागला," म्हणजे घाट चढायला मागून लावतात ते इंजिन. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "तुज्या ह्या गेटवाल्याला जेवायला पन इथंच वाढायचं का?"

दोन दिवस ट्राफिक बघून काका गेले, आणि वरून करवतीचा आवाज यायला लागला.

त्यांनी जे केलं ते सांगते. किचनच्या दाराला कमरेइतक्या उंचीचं एक अर्धं दार बसवलं, जुन्या खिडकीच्या फळ्यांचं. बेसिनखालचं कपाट आणि त्याच्या वरचा सुऱ्यांचा ड्रॉवर, दोघांना मिळून एक कुलूप. आणि अर्ध्या दाराला एक कुलूप. कुलपं दोन, चावी मात्र एकच. दार पूर्ण लावलं तरच त्यातून चावी निघणार. ती नेऊन कपाटात घातली तरच कपाट उघडणार. आणि कपाट उघडं असेपर्यंत चावी तिथेच अडकून राहणार. म्हणजे दार उघडं असताना कपाट बंद, कपाट उघडं असताना दार बंद. दोन्ही एकदम उघडी राहायची सोयच नाही. फाटक उघडं असताना सिग्नल पडत नाही, ती हीच युक्ती.

हे बसवताना त्यांनी घराला मोजता येणार नाहीत इतकी भोकं पाडली. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्याच्याने राहवेना.

"काका, भोक."

"भोक. हे भोक नाय. हे इन्स्टॉलेशन हाय."

सासूबाईंना ते बिलकूल आवडलं नाही. "मला कोंडवाड्यात घातलीय," म्हणाल्या. एकदा त्या कपाट उघडं टाकून बाहेर यायला निघाल्या, चावी कपाटात अडकलेली, दार बंद, आणि त्या आत. अर्ध्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "बघ, गाभन म्हैस." पण मी खूश होते. मॅडमना फोन करून सांगितलं की मी येते.

आणि त्याच आठवड्यात ते झालं.

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सासूबाई भाजी चिरायला किचनमध्ये गेल्या, दार लावलं, चावी काढली, कपाट उघडलं, विळी काढायला वाकल्या. सगळं अगदी काकांनी शिकवल्याप्रमाणे. फक्त सई बाहेर नव्हती. ती आतच होती, तांदळाच्या पिंपामागे बसून कांद्याची सालं गोळा करत होती. सासूबाईंनी विळी खाली ठेवली आणि कोबी घ्यायला वळल्या. परत वळल्या तर सई उभी. आयुष्यात पहिल्यांदा, कशाचाही आधार न घेता, दोन्ही पायांवर. आणि एक हात विळीच्या पात्याकडे.

सासूबाईंनी पात्यावर स्वतःचा हात घातला.

मी खाली आले तेव्हा त्या अर्ध्या दाराच्या पलीकडे उभ्या होत्या. सई कडेवर, हाताला पदर गुंडाळलेला, पदर लाल. बाहेर येता येत नव्हतं, कारण कपाट बंद केल्याशिवाय चावी निघत नाही आणि एका हाताने ते जमेना. मी दारावरून सईला घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "उभी राहिली गं." आणि तिथेच खाली बसल्या.

जखम बारीक होती, दोन टाके पडले. पण मी मॅडमना परत फोन लावला आणि सांगितलं की थोडं थांबा, बहुतेक माझं जमणार नाही. मॅडम म्हणाल्या, नक्की काय ते उद्या-परवा सांग, मी दुसरीला थांबवून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात गेले. "काका, पाणी सोडता का?" परत म्हटलं. काकू बाहेर आल्या, म्हणाल्या, "आज पानी नाय मिळनार. त्यानी सोताला सस्पेंड केलंय."

मला वाटलं काकू मस्करी करताहेत. आत गेले तर काका पलंगावर बसलेले, अंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि मांडीवर हात. कॉकची दांडी समोर टेबलावर.

"गाडी सेक्शनमधी होती," ते म्हणाले, "आन मी लाइन दिली." म्हणजे गाडी अजून रुळावर असताना लाइन मोकळी आहे म्हणून सांगितलं.

"काका, बारीकसं कापलंय. आणि सईला तर काहीच नाही."

मी मुद्दाम थांबले, ते वाक्य परत म्हणतील म्हणून. म्हटलं नाही. काकांनी समोरच्याचं वाक्य परत दिलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं, आणि मला एकदम भीती वाटली.

"चौकशी होईपर्यंत मी कशाला हात लावनार नाय," ते म्हणाले.

"चौकशी कोण करणार?"

रेल्वेत साहेब येतात. इथे कोण येणार? पूर्ण दिवस पाणी नाही. मागच्या खोल्यांतले भाडेकरू हंडे घेऊन विहिरीवर गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. काकू जेवायला वाढायच्या, ते अर्धी भाकरी खाऊन उठायचे.

शेवटी चौकशीला गेल्या त्या माझ्या सासूबाई. गुडघे धरत, हाताला पट्टी, अख्खा जिना चढून. मी मागे, सईला घेऊन.

"ओ भाऊ," सासूबाई म्हणाल्या, "पानी सोडा. गावाची भांडी पडलीत. चूक माजी हाय. पोर आत हाय का बघितलं नाय मी."

"तुमाला बघायला सांगितलं नव्हतं कोनी. मी सांगायला पायजे होतं. चूक माजी."

"अवो, डोळे माजे, पोर माजी, चूक तुमची कशी?"

"दार माजं."

"दार तुमचं म्हनून काय झालं? लावलं कोनी?"

"लावा म्हनून कोनी सांगितलं?"

अशी दोघं 'चूक माझी, चूक माझी' करत हमरीतुमरीवर आली. काकू मला म्हणाल्या, "ह्यांचं मिटलं की चहा टाकते." मिटायला वेळ लागला. मग सासूबाई दमून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. दोगांची. पन आता मला एवडं सांगा. मागं डोळे नायत मला. पोर बाहेर गेली का आत हाय, मी ओळखायचं कसं? इवलीशी ती. पिंपामागं बसली की दिसत नाय. तिची आई कामाला जानार हाय, आन मी हितं एकटी."

मी म्हटलं, "आई, मी नाही जात."

"तू गप. मी तुला नाय विचारलं." आणि काकांकडे वळून, "सांगा."

काका हळू म्हणाले, "पोर बाहेर गेली का आत हाय, मी ओळखायचं कसं." आणि थोडं थांबून, "हां."

मला इतकं बरं वाटलं की मी सईचा पापाच घेतला.

गाडी फाटकावरून गेली, सेक्शन मोकळा झाला, हे रेल्वेत कसं ओळखतात ते त्यांनी सांगितलं. अर्धी गाडी मागे तुटून राहिलेली असू शकते, म्हणून नुसती गाडी गेली एवढं बघून चालत नाही. शेवटचा डबा बघावा लागतो. त्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली असते. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली. फुली दिसली नाही तर गाडी अजून आत आहे, मग कोणी काहीही बोलो. काकांनी आधी पाणी सोडलं, मग काकूंच्या शिलाईच्या डब्यातून पिवळी फीत काढली आणि मला म्हणाले, "गाडीचे कपडे आन."

मी सगळे आणले. चड्ड्या, झबली, बारशाला आलेला फ्रॉकसुद्धा. काकांनी चष्मा लावून प्रत्येकाच्या मागे, बरोबर ढुंगणावर, पिवळी फुली शिवली. टाके असे मोठे मोठे, पोत्याला घालतात तसे. नवरा कंपनीतून आला तर दोरीवर ओळीने फुल्या वाळत होत्या. त्याने मला विचारलं, "हे काय, आपली पोरगी रद्द केली का?"

पण चाललं. सईला किचनमधून बाहेर काढायचं, ती तुरुतुरु रांगत निघायची, पाठीमागे पिवळी फुली हलत हलत, आणि ती फुली उंबऱ्याच्या बाहेर गेलेली डोळ्यांनी दिसली की मगच सासूबाई दार लावायच्या. मोठ्याने म्हणायच्यासुद्धा, "गेला डबा." सासूबाई, ज्यांना कोंडवाडा वाटत होता, त्या. खालापूरला नात्यातल्या लग्नात कोणीतरी विचारलं, पोरीच्या चड्डीला हे काय लावलंय, नजर लागू नये म्हणून का? सासूबाई म्हणाल्या, "नाय. ती येगळी सिस्टीम हाय. तुमाला नाय कळनार."

मी मॅडमना तिसऱ्यांदा फोन केला. त्या म्हणाल्या, आता हे शेवटचं ना? मी म्हटलं, हो.

पहिल्या दिवशी निघताना मी रडले, सासूबाईंनी मला हाताने दाराबाहेर लोटलं, आणि काका जिन्यात उभे राहून म्हणाले, "वेळेत जा, वेळेत ये." लॅबमध्ये मी पेशंटची नावं चुकीची पुकारली. एका आजोबांना सईच्या नावाने हाक मारली. दर थोड्या वेळाने फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. सासूबाई स्वतःहून कधी फोन करत नाहीत, त्यांना तो लावायला आवडत नाही. म्हणून फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी मनाला सांगून ठेवलं होतं.

थोडे दिवस गेले. एका दुपारी, काउंटरवर गर्दी असताना, फोन वाजला आणि त्यावर 'आई घर' आलं.

समोरच्या बाईने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय झालं गं?" मी फोन कानाला लावला.

"हॅलो," सासूबाई म्हणाल्या. "येतान कोथिंबीर घेऊन ये."

"काय?"

"कोथिंबीर. संपलीय. बहिरी झालीस का?"

"सई कुठेय?"

"ती काय, भाऊंच्या पोटावर झोपलीय. हितं वटीवर. खेळता खेळता त्यांच्या अंगावरच कलंडली. आन तो मानूस हलायला तयार नाय. पायाला मुंग्या आल्यात म्हनतो, पन हलत नाय. चहा बशीतनं मीच पाजला आता. त्यांची बायको येऊन हसून गेली. तू कोथिंबीर चांगली बघून घे, मागच्या टायमाला पिवळी आनली व्हतीस."

फोन बंद झाला. समोरची बाई म्हणाली, "सगळं बरंय ना?" मी म्हटलं, "कोथिंबीर संपलीय." आणि मला असं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या बाईने मला तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली दिली.

संध्याकाळी कर्जतला स्टेशनबाहेरच्या भाजीवालीकडून मी कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या. तिला प्रत्येक काडी दाखवायला लावली. घरी पोचले तर काका अजून तसेच. ओटीवर भिंतीला टेकून, एक पाय लांब, मान ताठ, पोटावर सई पालथी, तोंड उघडं, त्यांच्या शर्टावर लाळेचा मोठा डाग. सासूबाई आत भाकऱ्या थापत होत्या, त्यांच्या हाताचा थपथप आवाज बाहेर येत होता. मी एक जुडी काकांच्या हातात दिली, म्हटलं, ही वरची, काकूंना. ते काही बोलले नाहीत, पोर उठेल म्हणून. त्यांनी फक्त ती हिरवी जुडी हातभर बाहेर धरली आणि मला हळूच हलवून दाखवली, की जा, आत जा.